एका स्पर्शाचा इतिहास

शहाद्याहून निघालेली गाडी सातपायरी घाटाच्या वळणांना लागली की खालचा खानदेशी उकाडा मागे पडतो, आणि वर तोरणमाळच्या पठारावर पाऊल ठेवताच माणूस नकळत उपरणे गळ्याभोवती गुंडाळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीची ही जागा. यशवंत तलाव, सीताखाई, महाशिवरात्रीला लोटणारी गोरखनाथाची यात्रा, ही तिची पाहुण्यांना दाखवावयाची वैभवे. मी मात्र तेथे पाहुणा नव्हतो. त्या भागातील एका निवासी शाळेत काही वर्षे मास्तर होतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आवड इतिहासाची, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याची खोड. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या गंधकाच्या वासापलीकडे कधी गेला नव्हता. तरीही यंदा दिवाळी अंकासाठी मी जो इतिहास लिहावयास बसलो आहे तो कोणा राजाचा नाही. रक्तातल्या एका कणाचा आहे. त्याला कारण एक मुलगा.

मुलाचे नाव सांगत नाही. पावरा समाजातला, वयाच्या मानाने लहानखुरा, डोळ्यांत किंचित पिवळेपणा. थंडी पडली की अंथरुणातून उठेना. आज पाय, उद्या हात, परवा पाठ. "गुरुजी, हाडात दुखते," एवढेच सांगे. रोज जागा बदलणारे हे दुखणे पाहून मी मनाशी ठरवून टाकले की स्वारी कामचुकार आहे. पौषातल्या एका पहाटे त्याला हाताला धरून उठवले, गार पाण्याने आंघोळ करावयास लावली आणि मैदानाला पाच फेऱ्या घालावयास पाठवले. तिसऱ्या फेरीला तो खाली बसला. दुपारपर्यंत कळवळून त्याचा आवाजही बसला. दुसऱ्या दिवशी त्याची आई डोंगर उतरून आली. मला ती काही बोलली नाही. पाणी तापवायला चूल कोठे मिळेल, एवढेच तिने विचारले.

त्यानंतर काही महिन्यांनी रक्त तपासणारी माणसे शाळेत आली. त्यांनी बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका नळीतल्या औषधात टाकला आणि नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरला. बहुतेक मुलांच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसत होत्या. या मुलाची नळी गढूळ झाली, रेघा दिसेनात. पुढची तपासणी होऊन उत्तर आले: सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जेथे अडकतात तेथे असह्य कळा येतात. म्हणून दुखणे रोज जागा बदलते. थंडीने आणि पाणी कमी पडल्याने ते उसळते. म्हणजे मी त्याला शिस्त म्हणून जे जे दिले होते, ते ते सारे!

ती गढूळ नळी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. औषधात असे काय झाले, हा प्रश्न घेऊन मी जमेल ते वाचू लागलो, आणि मला एक विलक्षण हकीगत सापडली.

१९०४ साली शिकागोच्या एका इस्पितळात वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण आला. वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकावयास आला होता. आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्तात वाकड्या पेशी पाहिल्या, आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली तो वृत्तान्त छापला. मग पुष्कळ वर्षे वैद्य मंडळी पेशीच पाहत बसली. १९४५ मध्ये विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून लायनस पॉलिंग यांनी एक गोष्ट ऐकली: पेशी वाकडी होते ती प्राणवायू सोडल्यावर, आणि प्राणवायू मिळताच पुष्कळदा पूर्ववत होते. पॉलिंग पडले रसायनशास्त्रज्ञ. प्राणवायू वाहून नेते ते हिमोग्लोबिन. तेव्हा दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. इटानो, सिंगर आणि वेल्स या सहकाऱ्यांसह त्यांनी विजेच्या प्रवाहात दोन्ही हिमोग्लोबिने सोडून पाहिली. निरोगी माणसाचे आणि रोग्याचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकले. १९४९ साली त्यांनी निबंध छापला आणि त्यात या व्याधीला 'रेणूचा रोग' म्हटले. असा शब्दप्रयोग तोवर कोणी केला नव्हता.

येथे वाचकांना थोडे थांबवून माळेची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे. परंतु ही माळ गळ्यातल्यासारखी सरळ लोंबत नाही. तिची गुंडाळी होते, आणि माळेत एकमेकांपासून दूर असलेले मणी गुंडाळीत शेजारी येऊन टेकतात. कोणता मणी कोणाला टेकला यावर प्रथिनाचे सारे गुण अवलंबून. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार माळा असतात: दोन १४१ मण्यांच्या, दोन १४६ मण्यांच्या. एकूण ५७४.

या ५७४ मण्यांत चूक कोठे? केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी पाचक रसातील ट्रिप्सिनने माळांचे तुकडे केले, ते ओल्या कागदावर आधी विजेने आणि मग द्रावणाने पसरवले, आणि रंग देऊन ठिपके उमटविले. दोन्ही कागद जुळवून पाहिले तर सारे ठिपके जागच्या जागी. फक्त एक सरकलेला! १९५७ पर्यंत त्यांनी दाखवून दिले की लांब माळेतला एकच मणी बदलला आहे. आज आपण सांगतो तो सहावा मणी: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बाकी सगळे तसेच. एवढ्याने मूल पहाटे कळवळते.

एवढ्याने का? मला सर्वांत मोह पडला तो या प्रश्नाचा. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो. त्याचे पाण्याशी सख्य. व्हॅलिन तेलकट वृत्तीचे, पाण्यापासून अंग चोरणारे. पाण्यावर तेलाचे दोन थेंब सोडले तर ते एकमेकांकडे सरकून एक होतात, तसे त्याला कोठेतरी टेकावयास हवे असते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर, ८५ वा मणी फेनिलअलॅनिन आणि ८८ वा ल्युसिन यांच्यामध्ये, व्हॅलिन नेमके बसेल अशी तेलकट खोबण मिळते. व्हॅलिन तेथे बसते. त्या रेणूला पुढचा, त्याला आणखी पुढचा, असे चौदा पदरांचे दोर वळले जातात, आणि ते पेशीला आतून ताणून विळा करतात. प्राणवायू असताना खोबणीचा मेळ बसत नाही, म्हणून तोवर सारे सुरळीत. मॅक्स पेरूट्झ यांनी क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनची घडण उलगडली, आणि १९७० च्या दशकात विकृत हिमोग्लोबिनच्या स्फटिकांतून हा स्पर्श प्रत्यक्ष दिसला. नळीतल्या औषधाने प्राणवायू काढून घेतला होता. रेघा झाकल्या होत्या त्या या स्पर्शाने.

असे स्पर्श मोजावयाचे तर अंतर मोजावे लागते, आणि मापाचा गज अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंशावा भाग. दोन अणू चार-पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले की संशोधक त्यांच्या मण्यांचा स्पर्श झाला असे धरतात. फारच जवळ आले तर मात्र मांडणीच चुकीची. या बाबतीत आपल्या मद्रासची एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. गो. ना. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली, तेव्हा यात काही अणू वाजवीपेक्षा जवळ आले आहेत असा आक्षेप विलायतेतून आला. रामचंद्रन वादात शिरले नाहीत. अणू किती जवळ येऊ शकतात याची मापे त्यांनी निरनिराळ्या स्फटिकांतून गोळा केली, आणि रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह १९६३ साली माळेला कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य याचा नकाशाच छापला. आजही प्रथिनाची घडण कोणी मांडली की ती आधी या नकाशावर पारखून घेतात.

आपल्या देशात हा रोग १९५२ साली नोंदला गेला. निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील आढळ 'लॅन्सेट'मध्ये कळविला. सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्तीत तो आहे हे मला कळले ते एका नळीमुळे. तो येथे टिकला का, याचेही उत्तर आहे. १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखविले की आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आलेले मूल बहुधा निरोगी राहते आणि घातक हिवतापापासून बरेच वाचते. दोघांकडून आला तर मात्र आजार. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक असा धोका. तो शापही नव्हे, स्पर्शजन्यही नव्हे. वसतिगृहात ताट वेगळे ठेवणाऱ्यांना हे मला पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

१ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी विलायतेत आणि अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याची किंमत ऐकून घाटाच्या पायथ्याशीच बसावेसे वाटते. डोंगरात खरा आधार हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांचा, भरपूर पाण्याचा आणि उबदार पांघरुणाचा.

गेल्या महाशिवरात्रीला मी वर गेलो होतो. यात्रेच्या गर्दीत तो भेटला. आता मिशा फुटल्या आहेत. गोळ्या नियमाने घेतो, पहाटेच्या थंडीत बाहेर पडत नाही. मी त्याची क्षमा मागितली, ती माझ्या मते फार उशिरा. त्याला ती पाच फेऱ्यांची पहाट आठवत नसावी, किंवा आठवत नाही असे त्याने दाखविले. लग्नाचे बोलणे चालले होते. "गुरुजी, तिचीही तपासणी केली," तो म्हणाला, "रेघा स्वच्छ दिसल्या." म्हणजे मुले सारी वाहक होतील, आजारी कोणी नाही, असे मी समजावू लागलो. त्याने मला मध्येच थांबवले. नर्सबाईंनी ते सगळे सांगितले होते. मग होळीनंतर लग्नाला नक्की यायचे, असे बजावून तो आईला शोधायला गर्दीत शिरला.