काचेतले तळे आणि उल्हास नदी

१/३ हेंद्रेपाड्यातील घरात मत्स्यटाकीत वनस्पती लावताना १८५० सालच्या एका प्रयोगाचीच पुनरावृत्ती होते. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली.

२/३ वनस्पतीने प्राणवायू पुरवला. मात्र कुजलेल्या पानांनी पाणी गढूळले. मग वॉरिंग्टन यांनी तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, त्यांची अंडी माशांचे खाद्य ठरली आणि पाणी निवळले.

३/३ जलपर्णीही शोभेसाठीच दक्षिण अमेरिकेतून भारतात आली. तिचे नैसर्गिक भक्षक मात्र तिकडेच राहिले. सांडपाण्यावर पोसलेली तीच आज बदलापूरहून पुढे जाणाऱ्या उल्हास नदीवर पसरते. म्हणून टाकीतील छाटलेली रोपे ओढ्यानाल्यांत कधीही टाकू नयेत.