बाबांचा डॅक आणि खाँसाहेबांची न झालेली तबकडी

राजारामपुरीतल्या आमच्या घरी 2009 साली आलेला एक डॅक आहे, केंब्रिज ऑडिओचा डॅकमॅजिक. डॅक म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणारी पेटी. तिला जोडलेला सीडी प्लेयर गेल्या पावसाळ्यात बंद पडला. मी म्हटलं, आता सगळंच नवं घेऊ. बाबा म्हणाले, "पेटीला काय धाड भरलीय? तिला आकडे आणून देणारा कुणीतरी बघ."

बाबांच्या एका वाक्यात चाळीस वर्षांचा इतिहास आहे. सीडी 1982 साली बाजारात आली. काही वर्षांतच तबकडी वाचणारं यंत्र आणि आवाज करणारं यंत्र वेगवेगळं मिळू लागलं. मधल्या जोडणीची रीत सोनी आणि फिलिप्सनी ठरवलेली, एसपीडिफ. एक तार तांब्याची, कोअॅक्शियल. दुसरी प्रकाशाची, ऑप्टिकल. ती रीत अजून चालते. टिकत नाही तो आकडे आणणारा. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स 2012 साली गुंडाळला. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ 2015 ला आला आणि 2019 ला त्याचं उत्पादन थांबलं. म्हणून माझं मत असं झालं, की स्ट्रीमरवर फार पैसे घालू नयेत. तो पेटीच्या आधी म्हातारा होणार.

निवडताना खरी अडचण वेगळीच निघाली. या डॅकची यूएसबी 16 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर थांबते. ऑप्टिकल आणि कोअॅक्शियल 24 बिट, 96 किलोहर्ट्झपर्यंत जातात. आजच्या सेवा काही गाणी 192 ने पाठवतात. ती तशीच पुढे गेली तर पेटी गप्प बसते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पेटी बिघडली. म्हणजे हवा होता कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल तोंड असलेला आणि 96 ची मर्यादा घालता येणारा स्ट्रीमर. रास्पबेरी पायवर डिजिटल आउटपुटचा बोर्ड बसवूनही काम झालं असतं, पण कार्ड खराब झालं की बाबांचे फोन मलाच येणार. शेवटी विम प्रो घेतला. नाव ऐकून आईने विचारलं, "भांडी घासायचा का?"

96 की 192, यावर मी दोन रात्री घालवल्या. बाबा ऐकतात केसरबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर. केसरबाईंच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, आणि त्यांवर दहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नाहीच. साध्या सीडीचे 44.1 किलोहर्ट्झ त्यांना पुरून उरतात. त्यातलीच एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवर चढून अंतराळात गेली.

ही गायकी इथे रुजवली अल्लादिया खाँसाहेबांनी. ते शाहू महाराजांचे दरबारी गवई. महाराज 1922 ला गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि 1946 ला वारले. तोवर ध्वनिमुद्रण भारतात चांगलं चव्वेचाळीस वर्षं रुळलेलं होतं; गौहरजानने कलकत्त्यात 1902 सालीच गाऊन ठेवलं होतं. तरी खाँसाहेबांची एकही तबकडी बाजारात आली नाही. एवढा पेचदार राग तीन मिनिटांत कोंबणं त्यांना पटलं नसावं, असा माझा तर्क. केसरबाईंनी मात्र तेच करून दाखवलं, आणि म्हणून आज आपल्याला काहीतरी ऐकता येतं. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले आणि मन्सूरांनी त्यांच्याकडूनही तालीम घेतली. तो आवाज आपल्यापर्यंत आला तो गळ्यांतून गळ्यांत.

स्ट्रीमर लागला त्या संध्याकाळी बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोनवर पहिलं नाव टाकलं ते खाँसाहेबांचंच. त्यांना माहीत होतं. तरी टाकलं. यादीत दुसऱ्यांचीच गाणी आली. ते जरा वेळ बघत राहिले, मग केसरबाई लावली. तीन मिनिटांनी ती संपली आणि लगेच कुठलंसं सिनेमातलं गाणं सुरू झालं.

"हे कोण मधेच?" म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पुढचं आपोआप वाजणं बंद करायची जागा शोधायला मला अर्धा तास लागला.