बाह्य संख्यात्मक लायब्ररी आणि वैज्ञानिक संगणन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : वैज्ञानिक सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर बांधताना आकडेमोडीचा मोठा भार बाह्य लायब्ररीवर सोपविला जातो. ही लायब्ररी निवडण्याची मुभा कशी निर्माण झाली, याचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

विवेचन : केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी तयार झालेल्या उपप्रोग्राम-संग्रहावर विल्क्स, व्हीलर व गिल यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७९ मध्ये लॉसन, हॅन्सन, किंकेड व क्रॉग यांनी 'ब्लास' मांडले. त्यात सदिशांवरील मूलभूत क्रियांची नावे व मांडणी निश्चित झाली. अंमलबजावणी मात्र यंत्रानुसार वेगळी ठेवता येऊ लागली. मॅट्रिक्स व सदिश यांच्या क्रियांचा स्तर १९८८ मध्ये, तर दोन मॅट्रिक्सच्या क्रियांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आधारावर १९९२ मध्ये 'लॅपॅक' उभे राहिले. परिणामी, मूळ प्रोग्रामला हात न लावता केवळ जोडणी बदलून वेग वाढविणे शक्य झाले.

निष्कर्ष : या मुभेबरोबर जबाबदारीही आली. लायब्ररी बदलल्यास बेरजेचा क्रम बदलू शकतो आणि मर्यादित अंकांच्या गणितात त्यामुळे उत्तराचे अखेरचे अंक बदलतात. म्हणून लायब्ररीचे नाव, आवृत्ती व जोडणीचे पर्याय नोंदविल्याशिवाय संगणकीय निष्कर्षांची फेरतपासणी अपूर्णच राहते.