शिवेवरची साथ : खानदेशातील पशुरोग आणि सरकारी नियम



गावात एखाद्याचं जनावर आजारी पडलं, तर ते त्याचं दुर्दैव. तो औषधपाणी करील, देवाला नवस बोलेल, नाहीतर कपाळावर हात मारून गप्प बसेल. त्यात सरकारचा काय संबंध? बाजार बंद करणारे, गाड्या अडवणारे, कानाला बिल्ला मारणारे हे साहेब कोण? असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येतो आणि तो काही चुकीचा नाही. ज्याचं जनावर त्याला त्याची काळजी. पण साथीचा रोग ही एकट्याची गोष्ट राहत नाही, हे आपल्या बापजाद्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. त्या शिकण्याचा इतिहास आज आपण पाहू. तो बराचसा आपल्या खानदेशातूनच गेलेला आहे.

जुन्या माणसांना बुळकांडी हा शब्द नुसता ऐकला तरी धडकी भरत असे. जनावराला सडकून ताप यायचा, डोळ्यांनाकातून पाणी वाहायचं, तोंडात फोड येऊन ते सोलून निघायचं आणि मग हगवण लागायची. आठ-दहा दिवसांत धडधाकट बैल आडवा व्हायचा. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर साथ सरकत जायची. पेरणीच्या तोंडावर बुळकांडी आली, की घरात बियाणं असून उपयोग नसे. औत ओढायला कोणी उरत नसे. गुरांच्या साथीमागोमाग दुष्काळ येतो, असं म्हणत, ते उगीच नाही.

त्या काळी लोक काय करीत? अनेक गावांत मरीआईचा गाडा काढीत. देवीला लाकडी गाड्यात बसवून, वाजतगाजत शिवेपर्यंत नेत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून देत. त्या गावचे लोक तो गाडा पुढच्या शिवेवर ढकलीत. यामागची श्रद्धा आणि अगतिकता आपण समजून घेऊ. पण त्यातला विचार ध्यानात घ्या. रोग आपल्या शिवेबाहेर गेला म्हणजे आपण सुटलो, असा तो विचार होता. पुढे जे सरकारी नियम आले, त्यांचा विचार बरोबर याच्या उलट आहे. रोग जिथे सापडेल तिथेच थांबवायचा, त्याला शीव ओलांडू द्यायची नाही.

या उलट्या विचाराची सुरुवात आपल्याकडे गेल्या शतकाच्याही आधीची. इंग्रजी अमलात गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला होता. हॅलन नावाचे लष्करी पशुवैद्य त्याचे प्रमुख होते आणि त्याचा अहवाल १८७१ साली निघाला. १८८६ साली मुंबईस परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा उघडली आणि डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिथे काम पाहू लागले. परंतु साथीच्या रोगाचे जंतू भरवस्तीत बाळगणं धोक्याचं. म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा दूर कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. पाहा, नियम करणाऱ्यांनी पहिला नियम स्वतःला लावला : रोगाला वस्तीपासून दूर ठेवा. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तिथे बुळकांडीच्या कामासाठी येऊन गेले.

कायदेही त्याच सुमारास आले. १८९९ साली ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगासाठी कायदा झाला. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. म्हणून संशयित घोडा ताब्यात घेण्याचा आणि रोगी ठरल्यास तो मारण्याचा अधिकार सरकारी निरीक्षकाला मिळाला. आपल्याकडे तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशाकडून घोडे येतात. आता विचार करा, हजार कोसांवरचे घोडे एका मैदानात दावणीला दावण लावून उभे राहिले आणि त्यात एखादा रोगी निघाला, तर यात्रा संपताना तो रोग किती गावांना जाईल? जिथे जनावरं एकत्र येतात, तिथेच तपासणीची चौकी का लागते, याचं उत्तर या एका यात्रेत मिळतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४८ साली जनावरांच्या रोगांविषयी स्वतंत्र कायदा झाला. पण खरी लढाई १९५४ साली सुरू झाली. देशभर बुळकांडीचं उच्चाटन करण्याची मोहीम त्या साली हाती घेतली गेली. लस टोचणारे लोक वाडीवस्तीवर पोचले. सुरुवातीला लोक जनावरं लपवीत; लस टोचली की गाय आटते, बैल बसतो, अशा कंड्या पिकत. तरी काम चालू राहिलं. हे काम वर्षादोन वर्षांचं नव्हतं, चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललं. १९९५ नंतर भारतात बुळकांडीचं जनावर आढळलं नाही. २०११ साली हा रोग साऱ्या जगातून गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर मानवाने पृथ्वीवरून समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. आज आपल्या मुलांना बुळकांडी हा शब्द समजावून सांगावा लागतो, हीच त्या मोहिमेची पावती आहे.

मग साथी संपल्या का? नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरचं नाव एका दिवसात देशभर गेलं. नवापूर आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. तिथल्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने निर्वाळा दिला, की हा बर्ड फ्लू आहे, भारतातला पहिला. केंद्रांभोवती तीन किलोमीटरच्या टापूतले सगळे पक्षी, आजारी असोत की धडधाकट, मारून पुरण्यात आले. मार्चमध्ये तोच रोग जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ, हातेड, साळवा या गावी परसातल्या कोंबड्यांत सापडला. शेजारी गुजरातेत उच्छलला आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडेही तो निघाला. राज्याची सीमा नकाशावर असते. विषाणूला ती दिसत नाही. माणसांच्या तपासण्या झाल्या, पण सुदैवाने कोणाला लागण झालेली आढळली नाही.

ज्याच्या परसात पाच कोंबड्या, त्याच्या डोळ्यांदेखत त्या पोत्यात भरून नेल्या, तेव्हा त्याला काय वाटलं असेल? निरोगी पक्षी का मारता, असं तो विचारणारच. याचं उत्तर असं, की या रोगात लक्षण दिसण्याआधीच पक्षी रोग पसरवतो. लक्षणांची वाट पाहावी, तर साथ पुढच्या गावात गेलेली असते. मात्र त्याचबरोबर दुसरंही सांगितलं पाहिजे. गावाच्या भल्यासाठी एकाचं धन घ्यायचं, तर त्याची भरपाई गावाने, म्हणजे सरकारने, द्यायलाच हवी, आणि ती वेळेवर द्यायला हवी. भरपाई म्हणजे दान नव्हे. ती नियमाचाच अर्धा भाग आहे. भरपाई मिळेल असा भरवसा नसेल, तर माणूस रोग कळवणार नाही, लपवील. आणि लपवलेला रोग उघड रोगापेक्षा दसपट वाईट.

२००९ साली संसदेने प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा आणि नियंत्रणाचा कायदा केला. कायद्याची भाषा अवघड असली, तरी सार चार शब्दांत सांगता येतं : कळवा, वेगळं करा, हलवू नका, टोचून घ्या. रोगाचा संशय आला की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, तिथून खबर पशुवैद्याकडे जायची. आजारी जनावर बाकीच्यांपासून दूर बांधायचं, त्याचा चारापाणी निराळा ठेवायचा. बाधित क्षेत्र जाहीर झालं की तिथून जनावरांची ने-आण बंद, बाजार आणि जत्रा बंद. मेलेलं जनावर ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायचं नाही, खोल पुरायचं.

या चार शब्दांची परीक्षा २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात झाली. त्या वर्षीच्या लंपी साथीची महाराष्ट्रातली पहिली नोंद ४ ऑगस्टला रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी झाली. पोळा सुमारे तीन आठवड्यांवर आला होता. गाईबैलांच्या अंगावर गाठी उठू लागल्या, ताप आला, पाय सुजले. हा रोग डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. माणसाला तो होत नाही. रोग सापडला त्या ठिकाणाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण सुरू झालं. शेळ्यांच्या देवीची लस इथे कामी आली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. सप्टेंबरात सारं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं आणि गुरांचे बाजार थांबले. इथे निरोगी जनावरं मारायची नव्हती. लस होती, उपचार होते. दगावलेल्या जनावरांसाठी दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. चांगल्या बैलाची बाजारातली किंमत याहून पुष्कळ जास्त, हे आपण सारे जाणतो. बाजार बंद म्हणून ज्याचा बैल विकला गेला नाही, त्याच्या हाती तर काहीच आलं नाही. नियमांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे नियम करणाऱ्यांनी विसरू नये.

ही अडचण आपलीच नाही. अमेरिका आणि कॅनडात काही शेतकरी हरणं आणि एल्क नावाचे मोठे सांबरासारखे प्राणी कळपाने पाळतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हरणं अशी पाळता येत नाहीत. तिकडे १९६७ साली कोलोरॅडोत अशा प्राण्यांत एक रोग दिसला. प्राणी खंगत जातो आणि मरतो. त्यावर ना लस, ना औषध. प्राणी वर्ष-दोन वर्षं धडधाकट दिसतो आणि आतून रोग बाळगून असतो. मग उरतात ते नियमच : प्रत्येक जनावराला बिल्ला, कळपाची नोंदवही, मेलेल्याची तपासणी, भक्कम कुंपण आणि रोग निघालेल्या कळपाची ने-आण बंद. तिथल्या शेतकऱ्याचीही तीच तक्रार असते, की माझा कळप निरोगी दिसतो, मग मला का अडवता? म्हणजे चिनावलचा शेतकरी आणि कोलोरॅडोचा शेतकरी एकाच दावणीला बांधलेले आहेत.

बिल्ल्याबद्दलही दोन शब्द. बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आता आपल्या गुरांच्या कानात दिसतो. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला बंदी घातली गेली. हा त्रास वाटतो खरा. पण उद्या बाजारात विकलेला बैल आजारी निघाला, तर तो कोणत्या गावातून आला, कोणत्या गोठ्यात राहिला, हे त्या क्रमांकावरून शोधता येतं. क्रमांक नसेल तर सगळाच तालुका बंद करावा लागतो. एका बिल्ल्याने शेजारच्या शंभर गोठ्यांचा बाजार वाचू शकतो.

गुरुजनहो, आपल्याला एक विनंती. शाळेच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा असेल. त्यावर मुलांकडून गुरांचे बाजार, पाणवठे आणि दवाखाना यांच्या खुणा करून घ्या. मग विचारा, की आपल्या गावात आज रोग आला, तर तो आठ दिवसांत कुठे कुठे पोचेल? गुरांमागे जाणारी मुलंच याचं उत्तर सगळ्यांत बरोबर देतील, आणि जे नकाशावर पाहिलं ते घरी जाऊन वडिलांना सांगतील.

बुळकांडी गेली ती कायद्याच्या कागदाने गेली नाही. टोचणारा दारी आला तेव्हा ज्यांनी जनावर दाव्याला धरून उभं केलं, त्या लाखो हातांनी ती घालवली. पूर्वी आपण साथ शेजाऱ्याच्या शिवेत ढकलीत होतो. आता ती आपल्या शिवेत थांबवायची आहे. त्यासाठी गोठ्यात पहिली गाठ दिसताच पहिला निरोप आपलाच गेला पाहिजे.