जेवूनही उपाशी

अपस्माराला आपल्याकडे फेफरे म्हणतात, आकडी म्हणतात. आकडी आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरणारे हात आजही दिसतात. झटका बहुधा आपसूकच थांबतो, श्रेय मात्र कांद्याला!

उपवासाचे तसे नाही. कडक उपवासात झटके कमी होतात, हे निरीक्षण जुने आहे. (आपला खिचडीचा उपवास इथे कामाचा नाही, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट.) पण वाढत्या मुलाला उपाशी ठेवणार किती दिवस? १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तोड सुचवली : स्निग्ध पदार्थ भरपूर, पिष्टमय अगदी थोडे. मग शरीर उपवासातल्यासारखीच चरबी जाळून कीटोन तयार करते.

१९३८ मध्ये फेनिटॉइनचा उपयोग सिद्ध झाला. गोळी देणे सोपे, प्रत्येक घास तोलणे जिकिरीचे. आहार मागे पडला. १९९०नंतर तो परतला, त्यामागे पालकांचा रेटा मोठा होता. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी औषधांना दाद न देणाऱ्या मुलांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत आहारगटातील ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. दुसऱ्या गटात ६ टक्क्यांचे. बद्धकोष्ठता, उलट्या, भूक या तक्रारीही त्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून हा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच दिला जातो.