बाबूना: एक फूल, तीन दुकानं

युनानी औषधांच्या दुकानात ‘रोगन बाबूना’ मागितलं, की दुखऱ्या सांध्यांवर चोळायचं तेल मिळतं. होमिओपॅथीच्या दुकानात ‘कॅमोमिला’ म्हटलं, की दात येताना किरकिरणाऱ्या बाळासाठी साखरेच्या बारीक गोळ्या पुढ्यात येतात. मॉलमध्ये ‘कॅमोमाइल’ हा झोपण्यापूर्वी घ्यायचा चहा असतो. गिऱ्हाईक तीन तऱ्हांचं, झाड मात्र एकच. शेवंतीच्या कुळातलं, पांढऱ्या पाकळ्यांचं, मधे पिवळी घुंडी असलेलं. ती घुंडी उभी चिरली तर आत पोकळ निघते, आणि तशाच दिसणाऱ्या इतर फुलांतून हे फूल निवडायची तीच खूण.

सर्वांत जुनी वाट तेलाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायॉस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने या जातीच्या फुलांचे गुण नोंदवले. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याचा ग्रंथ अरबीत आला. पुढे इब्न सिना या हकिमाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथातही बाबूना आहे. फुलं तेलात मुरवून चोळण्याची ही विद्या हकिमांबरोबर हिंदुस्थानात पोचली. पंजाबात या रोपाची लागवड मोगल काळात, सुमारे ३०० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचं सांगतात.

गोळ्यांची वाट जर्मनीतून आली. तिथे पोट दुखलं, सर्दी झाली की या फुलांचा काढा किंवा वाफारा हा घरोघरचा उपाय. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) यांनी याच घरगुती वनस्पतीला आपल्या औषधसंग्रहात घेतलं आणि चिडचिडं, कडेवरून खाली न उतरणारं मूल हे तिचं लक्षण ठरलं. गंमत अशी, की ‘३०’ शक्तीच्या, म्हणजे अतिशय विरळ केलेल्या औषधाच्या गोळीत मूळ फुलाचा एक रेणूसुद्धा सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते.

काढ्याचाच चहा झाला, आणि तो जगभर खपला. त्यातल्या एपिजेनिन या घटकाकडे झोपेच्या संदर्भात संशोधकांचं लक्ष गेलं, पण माणसांवरच्या चाचण्या लहान आणि त्यांचे निष्कर्ष मध्यम आहेत. शेवंती-झेंडूच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा सुरू करू नये.

याच फुलांतून एक चौथी चीजही निघते. वाफेवर अर्क काढला की उतरणारं तेल चक्क गडद निळं असतं. हा निळा रंग फुलात नसतोच. फुलातल्या मॅट्रिसिनचं उष्णतेने कॅमाझुलिन होतं, म्हणजे रंग भट्टीतच जन्मतो. सौंदर्यप्रसाधनांत आणि सुगंधी तेलांच्या व्यापारात या तेलाला मागणी आहे.

या तेलासाठी आपल्याकडे जी शेती सुरू झाली, तिला जागाही अनपेक्षित मिळाली. १९६४-६५ मध्ये लखनौजवळच्या चोपण, म्हणजे क्षारयुक्त जमिनीत, जिथे इतर पिकं तग धरत नाहीत, तिथे हे रोप लावून पाहिलं, आणि ते तगलं. हंगेरीच्या खारवट माळांवर ते रानोमाळ उगवतं, हे ठाऊक असणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. दुकानातली तिन्ही नावं बाहेरून आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र या रोपाचा मोठा गुण औषधाचा नाही, पडीक रान वापरात आणण्याचा आहे.