श्रमिक संघटना (शहादा)

श्रमिक संघटना ही शहादा-तळोदा परिसरातील भूमिहीन आदिवासी शेतमजूर आणि सालदार यांची संघटना इ.स. १९७२ मध्ये उभी राहिली. हा परिसर तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. जमिनीच्या प्रश्नावरून सुरू झालेल्या आदिवासी चळवळीला मजुरीच्या प्रश्नाची जोड देणारी आणि किमान वेतनाचा कायदा शेतावर लागू व्हावा यासाठी लढणारी संघटना म्हणून ती ओळखली जाते.

पार्श्वभूमी

तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीमुळे शहादा तालुका शेतीच्या दृष्टीने समृद्ध मानला जातो. सिंचन वाढल्यानंतर येथे कापसाबरोबर ऊस व केळी ही नगदी पिके घेतली जाऊ लागली. याच तालुक्यातील पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मात्र, सावकारी व कर्जापोटी भिल्ल कुटुंबांच्या अनेक जमिनी त्यांच्या हातून गेल्या आणि जमिनीचे पूर्वीचे धारक त्याच शिवारात मजूर बनले.

यांपैकी अनेकजण सालदार होते. सालदार वर्षभराच्या ठरावीक मोबदल्यावर एकाच मालकाकडे राबतो. आगाऊ घेतलेली उचल त्याच्या मोबदल्यातून वळती होत असल्याने वर्ष संपले तरी कर्ज शिल्लक राही. कामाचे तास व सुट्ट्या निश्चित नव्हत्या. पिकांच्या राखणीसाठी शेतमालकांनी पीक संरक्षण सोसायट्या स्थापन केल्या होत्या. त्यांच्या रखवालदारांकडून चोरीच्या संशयावरून मजुरांना मारहाण होते, अशा तक्रारी होत्या.

स्थापना

मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्य मागण्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. या घटनेनंतर भिल्ल समाजातील कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखालील चळवळीला वेग आला. सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या सहकार्याने ग्रामस्वराज्य समिती काम करू लागली व ३० जानेवारी १९७२ रोजी शहादा येथे भूमुक्ती परिषद भरली. त्यानंतर शहरांतून आलेले काही तरुण कार्यकर्ते चळवळीत सामील झाले. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले कुमार शिराळकर हे त्यांपैकी एक होत. जमीन परत मिळाली तरी बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह मजुरीवरच राहणार, हे लक्षात घेऊन मजुरांची स्वतंत्र संघटना बांधण्यात आली. अंबरसिंग यांचे इ.स. १९७४ मध्ये निधन झाले.

मजुरीचा प्रश्न आणि कायदा

किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीतील दुसऱ्या भागात शेतीचा समावेश होता. शेतमजुरीचे किमान दर ठरविणे आणि पाच वर्षांच्या आत त्यांचा फेरविचार करणे ही राज्य शासनाची जबाबदारी होती. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९७० च्या दशकाच्या मध्यास शेतमजुरांसाठी परिमंडळनिहाय दर लागू झाले.

दर जाहीर झाला तरी तो आपोआप मजुराच्या हाती पडत नसे. अधिनियमाच्या कलम २० नुसार कमी मिळालेल्या वेतनासाठी सहा महिन्यांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येत असे. पण निरक्षर आणि मालकाच्या उचलीने बांधलेल्या सालदाराला एकट्याने असा अर्ज करणे जवळजवळ अशक्य होते. नोंदणीकृत कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याने मजुराच्या लेखी संमतीने त्याच्या वतीने अर्ज करण्याची मुभा याच कलमात होती. शहाद्यात मात्र अर्जापेक्षा सामूहिक कृतीवर अधिक भर राहिला. मजुरीवाढ, सालदारांना पगारी सुट्टी आणि दुष्काळी कामांवर पूर्ण मजुरी या मागण्यांसाठी संप व मोर्चे झाले.

महिलांचा सहभाग

आंदोलनांत स्त्रियांचा मोठा सहभाग होता. इ.स. १९७३ पासून त्यांनी दारूबंदीसाठी मोहीम उघडली व गावोगावी दारूची भांडी फोडली. मजुरीची रक्कम दारूत जात असल्याने हा प्रश्नही मिळकतीशी निगडित होता.

परिणाम

१९७०–७३ च्या दुष्काळात रोजगाराच्या हक्काची मागणी राज्यभर पुढे आली. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम इ.स. १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९८३ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात दुष्काळी कामांवरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २३ चा भंग ठरतो, असा निर्णय दिला. संसदेने संमत केलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये १९४८ च्या अधिनियमातील तरतुदी विलीन करण्यात आल्या.

ऊस पट्ट्यात आजही मजुरी ठरविण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. शेतमजुराचा किमान दर शासन ठरवते, राज्यातील साखर कारखान्यांच्या कायम कामगारांचे वेतन त्रिपक्षीय समितीतील करारानुसार ठरते, तर ऊसतोड कामगारांचा टनामागील दर साखर संघ व कामगार संघटना यांच्या वाटाघाटींतून निश्चित होतो.

अभ्यास व साहित्य

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी इ.स. १९७६ मध्ये या चळवळीवर अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला. संघटनेचे कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह आदिवासी साहित्यात महत्त्वाचा मानला जातो.